खोळ

"काका, आता कागदांवर ठेवायला वापरा ही. वाऱ्याने उडायचे नाहीत," असे म्हणत दुरुस्तीवाल्याने डिस्क काउंटरवरून पुढे सरकवली.

विनोद तसा बरा होता, पण सुपरवायझरांना हसू आले नाही. त्यांनी डिस्क उचलून कानाशी नेऊन हलवून पाहिली. आत काहीतरी बारीक खुळखुळले.

"दुसरीकडे कुठे पाठवून बघता येईल?"

"पाठवा की. पण आतली तबकडीच खरवडली गेलीय. उगाच आशा कशाला लावू तुम्हाला? डिस्क म्हणजे शेवटी यंत्रच, आज ना उद्या जाणारच." मग सहज विचारावे तसे त्याने विचारले, "बॅकअप असेल ना?"

"आहे ना. रोजचा आहे."

"मग कसली काळजी! एवढं तोंड पाडून काय आलात?"

सुपरवायझर डिस्क पिशवीत टाकून बाहेर पडले. बॅकअप रोजचा होता हे खरेच होते. फक्त त्यात काही नव्हते.

सुपरवायझर म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले गृहस्थ. निवृत्त झाले तरी हुद्दा काही अंगावरून उतरला नव्हता. सगळे त्यांना सुपरवायझरच म्हणत आणि त्यांनाही ते आवडे. बायकोला घशाचा कॅन्सर झाला, ऑपरेशनमध्ये तिची स्वरपेटी काढावी लागली, आणि त्यानंतर दोघेही इस्पितळातल्या एका मंडळात जायला लागले. मंडळातल्या सगळ्यांचे तेच ऑपरेशन झालेले. ते स्वतःच स्वतःला बिनआवाजी मंडळ म्हणायचे. कुणी ढेकर दिल्यासारखा आवाज काढून बोलायला शिकलेला, कुणी गळ्याला यंत्र लावून बोलणारा. त्या यंत्रातून गुणगुणल्यासारखा एकसुरी आवाज येई, म्हणून त्याला सगळे भुंगा म्हणत. टेलरबाईंच्या मानेची कातडी किरणोपचारांनी इतकी कडक झाली होती की त्यांना भुंगाही लागू पडत नव्हता. त्या मुलांच्या जादूच्या पाटीवर लिहीत आणि वरचा कागद उचलून पुसत.

मंडळाची वेबसाइट होती, आणि तिच्यात मंडळाचा जीव होता. स्पीच थेरपिस्ट मुलगी ऑपरेशनच्या आधी प्रत्येकाचा आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवायची. "काहीही बोला," असे ती म्हणायची आणि माणसे गडबडून जायची. आयुष्यभर अखंड बोललेल्या माणसालाही शेवटचे म्हणून काय बोलावे ते सुचत नसे. पोस्टमनने आपल्या बीटवरचे पत्ते एका दमात सांगितले होते, कुणाकडे कुत्रा आहे त्यासकट. टेलरबाईंनी मापे सांगितली होती. कापताना मुलीला सांगत तशीच, "खांदा धर, हं, आता बाही, अर्धा इंच सोड, सोड म्हटलं ना." आता दुकान मुलगी चालवायची आणि कापायला बसली की साइटवरून आईची ती मापे लावून ठेवायची. गिऱ्हाइकांना वाटे, आत कुणीतरी बसलेय.

सुपरवायझरांच्या बायकोने सगळा वेळ नवऱ्याचीच खरडपट्टी काढली होती. "अहो, चष्मा फ्रिजवर आहे, घर डोक्यावर घेऊ नका. गॅसचं बटण बघून झोपा. आणि जगाला शहाणपण शिकवताना मधून मधून श्वास घ्या, समोरच्यालाही तोंड असतं." ऐकून थेरपिस्ट हसली होती आणि सुपरवायझर बाहेरच्या बाकावर जाऊन रडले होते. ते ध्वनिमुद्रण त्यांनी नंतर पुन्हा कधी ऐकले नाही. साइट चालवणारे मशीन घरातच होते. केव्हाही ऐकता येईल असे त्यांना वाटे.

मशीन घरात होते, ते मुळात त्यांच्याच हट्टामुळे.

साइट आधी कुणाच्या तरी ओळखीने फुकटात चालत होती. ती सोय संपली तेव्हा मंडळाची बैठक बसली. थेरपिस्टने एका कंपनीची माहिती आणली होती. मशीन त्यांचे, देखभाल त्यांची, रोजची नक्कल ते दुसऱ्या शहरात ठेवणार, काही बिघडले तर त्यांची माणसे बघणार. मॅनेज्ड होस्टिंग. वर्षाची वर्गणी थोडी वाढवावी लागणार होती, पण सगळ्यांनी मनाची तयारी केली होती. तेवढ्यात सुपरवायझर उभे राहिले.

"आपले आवाज परक्याच्या घरात का ठेवायचे?" ते म्हणाले. "मी अख्ख्या शहराचं एक्स्चेंज सांभाळलंय. एक मशीन सांभाळणार नाही? घरी एक कॉम्प्युटर बसवतो, लाइन आहेच. उद्या ती कंपनी बुडाली तर कुणाच्या दारात जाणार? आपलं ते आपलं."

बोलले छानच. ते नेहमीच छान बोलत. पोस्टमन गळ्याला भुंगा लावून "पण—" एवढेच म्हणाला, तोवर सुपरवायझर वीज गेली तर काय करायचे त्यावर पोचले होते. टेलरबाई पाटीवर काहीतरी लिहीत होत्या. लांबलचक लिहीत होत्या. त्यांनी पाटी वर केली तेव्हा मतदान चालू झाले होते आणि सुपरवायझर हात मोजत होते. टेलरबाईंनी क्षणभर पाटी तशीच धरली, मग कागद उचलला, अक्षरे गेली, आणि त्यांनीही हात वर केला.

त्या खोलीत धड गळा असलेली माणसे दोनच होती, थेरपिस्ट आणि सुपरवायझर. थेरपिस्ट वयाने लहान होती. म्हणजे तो वाद सुपरवायझरांनी कसा जिंकला हे सांगायला ज्योतिषी नको. पण तेव्हा ते कुणाच्याच लक्षात आले नाही. घरी येताना बायको काही बोलली नाही. सुपरवायझरांना वाटले, तिच्या भुंग्याची बॅटरी उतरली असेल.

पुढे महिन्याभरात टेलरबाई मापाची टेप घेऊन त्यांच्या घरी आल्या. मशीनची लांबी, रुंदी, उंची घेतली आणि धूळ बसू नये म्हणून एक सुरेख खोळ शिवून आणली. निळी, जाड कापडाची, कडेला दुहेरी शिवण. मशीनचा पंखा जिथून वारा फेकतो, नेमकी तेवढीच चौकट कापून तिथे जाळी लावलेली. सुपरवायझर येणाऱ्याजाणाऱ्याला मशीन दाखवीत तेव्हा ती जाळीही दाखवीत. "बघा, बाईंनी पंख्याचं मापसुद्धा घेतलंय."

चूक नंतर झाली, आणि तीही फुशारकीच्या भरात. आवाज वाढत गेले, जागा पुरेना. सुपरवायझरांनी नवी मोठी डिस्क आणून सगळे आवाज तिच्यावर हलवले आणि जुन्या जागी फक्त 'आवाज तिकडे आहेत' असा रस्ता दाखवणारी खूण ठेवली. साइट झकास चालत राहिली. पण रोजची नक्कल जुन्या जागेचीच निघत होती. मशीन इमानदारीने रोज आदली नक्कल पुसून त्या खुणेची नवी काढायचे. जणू घर जपून ठेवा म्हटले तर कुणी घराचा पत्ता जपून ठेवावा. सकाळी चहाबरोबर ते पडद्यावर 'बॅकअप यशस्वी' वाचायचे आणि जगावर उपकार केल्यासारखी खुर्ची मागे रेलवायचे. ती नक्कल उघडून बघावी असे त्यांना कधीही वाटले नाही.

एक्स्चेंजमध्ये हाच माणूस दर आठवड्याला मुख्य वीज खरोखरची बंद करायला लावायचा. "बॅटऱ्या भरल्यात असा कागद मला दाखवू नका, दिवे घालवून दाखवा," असे म्हणत त्यांनी कितीतरी ज्युनियर रडवले होते.

दुरुस्तीवाल्याकडून घरी येऊन पिशवी खुंटीला लावतात तोच थेरपिस्टचा फोन आला.

"काका, साइट बंदच दिसतेय अजून. पुढच्या आठवड्यात एका पेशंटचं ऑपरेशन आहे, त्यांना इतरांचे आवाज ऐकवायचेत. घाबरलेत खूप."

"डिस्क गेली."

"अरे बाप रे! म्हणजे आवाज?"

"गेले."

ध्वनिमुद्रणाचे तिचे यंत्र इस्पितळाचे, आवाज साइटवर चढवला की ते रिकामे करावे लागे. तिच्याकडे काही नव्हते.

"पण बॅकअप होता ना, काका? तुम्ही म्हणाला होतात..."

इथे खरे सांगायला एक वाक्य पुरले असते. सुपरवायझरांच्या तोंडातून वेगळेच वाक्य निघाले.

"उष्णतेने गेलं सगळं. मशीन तापलं. आतच होतं ना सगळं, तेही आणि हेही. झाकलेलं असतं, वारा लागत नाही नीट."

झाकलेले असते. ते बोलले आणि त्यांच्या स्वतःच्याच कानाला ते खटकले. पण सुटलेला शब्द हातात येत नाही, आणि खरे सांगायचे तर त्यांनी तो परत धरायचा प्रयत्नही केला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारावर थाप पडली. टेलरबाई होत्या. धापा टाकत होत्या. गळ्यावरच्या रुमालाआड, श्वासासाठी ठेवलेल्या छिद्रातून आवाज येत होता. त्या आत आल्या, बसा म्हटले तरी बसल्या नाहीत. पाटीवर आधीच लिहून आणले होते.

'माझ्या खोळीमुळे झालं का?'

खोळ तिथेच टेबलावर पडली होती. सुपरवायझरांनी मशीन उघडताना काढून ठेवली होती, आणि योगायोग असा की जाळीची बाजू वर होती. पंख्याएवढीच, चौकोनी, चारही कडा दुमडून शिवलेल्या. त्यातून वारा अडणे शक्य नव्हते. हे शहरात कुणाला सगळ्यात चांगले ठाऊक असेल तर सुपरवायझरांना.

टेलरबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. डोळे सुजलेले होते.

"नाही हो..." सुपरवायझर म्हणाले. मग खोकले. मग म्हणाले, "जाऊ द्या आता. झालं ते झालं. तुम्ही काय मुद्दाम केलंत का? मनाला लावून घेऊ नका."

टेलरबाईंनी मान खाली घातली. त्यांनी कागद उचलून प्रश्न पुसला आणि लिहिले, 'सगळ्यांचे आवाज गेले. मला माफ करा.' सुपरवायझर हात हलवून "अहो, छे, छे" म्हणाले. आपल्या चुकीबद्दल ते दुसऱ्याला क्षमा करून मोकळे झाले. त्या जाताना खोळीकडे एकदा बघून गेल्या, हात लावला नाही.

दार लावून ते वळले तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बायको उभी होती. हातात अर्धवट पुसलेली ताटली. तिने पाटी वाचली होती, सगळे ऐकलेही होते. आवाज गेल्यापासून तिचे कान फार तिखट झाले होते.

"काय करणार होतो मी?" ते म्हणाले. "त्या असं एकदम विचारत आल्या..."

तिने ताटली खाली ठेवली, भुंगा गळ्याला लावला.

"बॅकअप का नव्हता?"

भुंग्याला सूर नसतो. रागावलेले वाक्य आणि साधे वाक्य एकाच पट्टीत येते. सुपरवायझरांनी मग तिला सगळे सांगितले, जुनी जागा, नवी डिस्क, ती खूण, रोज सकाळचे 'यशस्वी'. सांगताना त्यांच्या लक्षात आले की ते नेहमीसारखे समजावून सांगताहेत, हातवारे करून, जणू चूक भलत्याच कुणाची आहे आणि ते तिची चौकशी करताहेत. ते थांबले.

"तुझाही आवाज गेला," ते म्हणाले. "तुझाही त्यातच होता."

"माझा केव्हाच गेला," ती म्हणाली. "मी बोलतेय ना तुमच्याशी."

त्यांना रडू आले. ती जवळ आली नाही. तिने भुंगा पुन्हा वर नेला.

"त्या बाईने माझ्या स्वयंपाकघरासमोर माफी मागितली. तुमची."

एवढे म्हणून ती ताटली घेऊन आत गेली.

शनिवारी मंडळाची बैठक होती. मधले दिवस सुपरवायझरांनी कसे काढले ते त्यांचे त्यांना माहीत. टेलरबाईंच्या दुकानावरून जायचा रस्ता टाळून ते लांबून भाजीला जात. तरी एकदा जावेच लागले. आत मुलगी कापत होती, आणि एरवी ऐकू येणारा आवाज नव्हता. मुलगी स्वतःच मापे पुटपुटत होती, "खांदा धर, हं..." आईच्याच चालीवर. सुपरवायझर मान खाली घालून चालायला लागले. लाज कुणी बघत नसतानाही वाटते, हे या वयात त्यांना नव्याने कळले.

बैठकीची खोली तीच, इस्पितळाच्या तळमजल्यावरची. बायको त्यांच्याबरोबर आली, पण त्यांच्या शेजारी बसली नाही. ती जाऊन टेलरबाईंच्या शेजारी बसली. टेलरबाई कोपऱ्यात बसल्या होत्या, पाटी पिशवीतून बाहेरही काढली नव्हती. खोळीची बातमी सगळ्यांना कळली होती. दोघेतिघे बाईंकडे दयेने बघत होते, आणि दया सोसायला काही कमी जड नसते.

पोस्टमन सुपरवायझरांना भेटला. "तुम्ही... पुष्कळ केलंत," तो भुंग्यातून म्हणाला. "नशीब. माझा मुलीने फोनवर उतरवून घेतलाय."

म्हणजे एक आवाज वाचला होता. सुपरवायझरांना बरे वाटले आणि लगेच त्या बरे वाटण्याची लाज वाटली. पोस्टमनचा आवाज वाचला तो त्यांच्यामुळे नव्हे, त्यांच्यावर विसंबून न राहिलेल्या मुलीमुळे.

ते उभे राहिले. "मला थोडं सांगायचंय," त्यांनी सुरुवात केली. "मागच्या वर्षी आपली जागा अपुरी पडायला लागली, तेव्हा मी दोन-तीन पर्यायांचा विचार केला. तांत्रिक भाग असा की..."

सगळे ऐकत होते. नेहमी ऐकत तसेच. सुपरवायझरांची नजर टेलरबाईंवर गेली. तांत्रिक भाग म्हटल्यावर त्यांनी खांदे आणखी आत घेतले होते, आता खोळीचा उल्लेख येणार म्हणून.

"खोळीने काही झालेलं नाही," सुपरवायझर म्हणाले. "खोळ उत्तम होती. जाळी होती. डिस्क आपली आपण गेली. बॅकअप मी चुकीच्या जागेचा घेत होतो, वर्षभर, आणि एकदाही उघडून पाहिला नाही. ही माझी चूक. थेरपिस्ट ताईंना मी तापण्याचं खोटं सांगितलं. बाई घरी विचारायला आल्या तेव्हा मला खरं माहीत होतं. तरी मी बोललो नाही."

थेरपिस्टने हातातला कागद खाली ठेवला.

सुपरवायझर अजून उभेच होते. आणखी बोलण्यासारखे पुष्कळ होते, आपण किती झिजलो, हेतू कसा चांगला होता. सगळी वाक्ये जिभेवर तयार होती. त्यांनी ती गिळली आणि ते खाली बसले.

कुणीच भुंगा गळ्याला लावला नाही. मग टेलरबाईंनी पिशवीतून पाटी काढली आणि लिहायला लागल्या.

त्या फार सावकाश लिहीत. एक शब्द, थांबणे, पुन्हा एक शब्द. पूर्वी अशा वेळी सुपरवायझर त्यांचे वाक्य अंदाजाने पुरे करून पुढे जात. आज ते गुडघ्यांवर हात ठेवून बसले. सगळी खोली बसून राहिली. लिहून झाल्यावर त्यांनी पाटी उलटी करून सगळ्यांना दाखवली, शेवटी सुपरवायझरांना.

'त्या दिवशी मी लिहिलं होतं की मशीन घरी ठेवलंत तर तुम्हाला गावाला जाता येणार नाही, आजारी पडता येणार नाही. एवढं ओझं एका माणसावर नको, म्हणून कंपनी बरी.'

सुपरवायझरांनी ते वाचले. पुन्हा वाचले. तेवढ्यात टेलरबाईंनी कागद उचलला, अक्षरे गेली, आणि त्यांनी आणखी एक ओळ लिहिली. ही ओळ लिहायला त्यांना वेळ लागला नाही.

'माझी खोळ मला परत द्या.'

"हो," सुपरवायझर म्हणाले. "आणून देतो."

कंपनीचा विषय नंतर पाचएक मिनिटांत आटोपला. थेरपिस्टने जुनाच कागद पुन्हा वाचला. या वेळी सुपरवायझर हात मोजायला उठले नाहीत. पोस्टमनने मोजले. कंपनीकडे ठेवायला आता तिथे फोटो होते, नावे होती आणि पोस्टमनचे पत्ते होते.

घरी आल्याबरोबर त्यांनी खोळ झटकली. तशी फारशी धूळ नव्हतीच. पाण्यात बुडवून, पिळून, वाळत घातली, संध्याकाळी काढली आणि इस्त्री गरम केली. शिवणीवर एक दोरा सुटल्यासारखा वाटत होता. तो नीट बघावा म्हणून त्यांनी खिसा चाचपला, टेबल पाहिले, खिडकी पाहिली, मशीनच्या रिकाम्या फळीवर हात फिरवला.

बायको भाजी निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही, भुंगाही उचलला नाही. नुसता हात लांब करून फ्रिजच्या दारावर दोनदा टकटक केले.

त्यांनी फ्रिजवरचा चष्मा घेतला आणि डोळ्यांवर चढवला. दोरा सुटलेला नव्हताच. शिवण जशीच्या तशी पक्की होती. त्यांनी खोळ तिच्या मूळ घड्यांवरच दुमडली, जाळीची बाजू आत घेऊन, आणि पिशवीत घालून दाराजवळ ठेवली.